‘युरोप गॅरंटी’ पॅकेज : आत काय असतं, काय नसतं

जळगाव, धुळे, नंदुरबार आणि मधल्या तालुक्यांच्या गावांत ‘युरोप गॅरंटी’ म्हणून जे विकायला येतं, ते एक पॅकेज नाही. एकाच पाटीखाली तीन वेगळे माल आहेत : टुरिस्ट व्हिसा, कामाचा परवाना आणि ‘पोचवून देतो’. पहिल्याची सरकारी फी दहा हजारांच्या आसपास पडते. दुसऱ्यासाठी एजंटाने जास्तीत जास्त किती घ्यायचे, ते आपल्याच सरकारने ठरवून दिलं आहे : ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ३५,४००. तिसऱ्याला दरपत्रक नाही, पावती नाही, करारही नाही. गिऱ्हाईक बहुतेक वेळा पहिल्या दोनांपैकी एक मागायला जातं, आणि फाईल दोन-तीन महिने ‘अडकल्यावर’ त्याच्यासमोर तिसरा माल ठेवला जातो. त्यामुळे तिन्हींचं परीक्षण एकत्रच करावं लागतं.

‘पासपोर्ट दे, बाकीनं मी देखी लिसू’ या एका वाक्यात विक्री होते. या ‘बाकी’मध्ये नेमकं काय येतं, तेच इथे उघडून ठेवलं आहे.

टुरिस्ट व्हिसा

हा माल खरा आहे. शेंगेन व्हिसा एक, तो चालणारे युरोपातले देश २९. जून २०२४ पासून फी ९० युरो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, शंका निघाली तर ४५ दिवसांपर्यंत लांबतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हे मनावर नाही : जिथे जास्त रात्री काढणार त्या देशाकडे, रात्री सारख्या असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. ‘अपॉइंटमेंट मिळतेय तिथे टाकून देऊ’ हा एजंटांचा शॉर्टकट इथेच फसतो. बुकिंग एका देशाचं आणि फिरणं दुसऱ्याच देशात, हे अर्ज तपासताना कळलं नाही तरी विमानतळावरचा अधिकारी विचारतो.

खान्देशातल्या फाईली अडतात त्या बहुतेक एकाच ठिकाणी, बँक स्टेटमेंटवर. शेतकऱ्याच्या खात्यात पैसा दरमहा येत नाही. केळीची काढणी झाली की एकदम येतो, कापूस विकला की एकदम येतो. अर्ज तपासणाऱ्याला ते ‘अचानक आलेली मोठी रक्कम’ दिसतं. यावर इलाज साधा आहे : व्यापाऱ्याची पट्टी किंवा खरेदी केंद्राची पावती, सातबारा, आठ-अ आणि आयकर विवरण, ज्यात शेती उत्पन्न करमुक्त रकान्यात दाखवलेलं असेल. या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर आणि वर एका पानाचं पत्र, की या तारखेची ही रक्कम या मालाची. एजंट मात्र वेगळाच इलाज सुचवतो : ‘आठवडाभर खात्यात पाच लाख उभे करून देतो.’ त्या पाच लाखांमुळेच अर्ज पडतो. अर्ज पडला तरी एजंटाचं ‘प्रोसेसिंग’ परत मिळत नाही.

इतकं करून मिळालेला व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहायची मुभा देतो, काम करायची नाही. ‘एकदा आत गेल्यावर कोण मोजतंय’ हे वाक्य पूर्वी अर्धंमुर्धं खरं होतं, कारण दिवस मोजायचे म्हणजे पासपोर्टवरचे शिक्के वाचायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी नोंदणीची संगणकीय यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली. भारतीयांच्या बोटांचे ठसे व्हिसाच्या अर्जाबरोबरच घेतलेले असतात; सीमेवर चेहरा जोडला जातो आणि ९० दिवस यंत्र मोजतं. मुदत उलटली की नाव आपोआप यादीत चढतं, कुणी तक्रार करावी लागत नाही.

भारतीयांसाठी एक चांगली सोय एप्रिल २०२४ मध्ये आली. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. ही गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. पाच वर्षांचा व्हिसा हातात असलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येत नाही.

कामाचा परवाना

इथे पहिली चूक शब्दातच होते. ‘तुमचं परमिट काढून देतो’ असं सांगितलं जातं, पण परमिट मजूर काढतच नाही, मालक काढतो. सगळ्यात जास्त खपणारं नाव इटलीचं, म्हणून तिथली साखळी पाहू.

इटली दर काही वर्षांनी परदेशी कामगारांचा कोटा जाहीर करते. २०२३ ते २०२५ साठी तो एकूण ४,५२,००० होता. २०२६ ते २०२८ साठी ४,९७,५५०. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी पोर्टल उघडतं आणि इटलीतला मालक अर्ज टाकतो. तिथे त्या दिवसाला ‘क्लिक डे’च म्हणतात. अर्ज जिल्ह्याच्या इमिग्रेशन खिडकीत तपासला जातो आणि मंजूर झाला तर ‘नुल्ला ओस्ता’ निघतं, म्हणजे ना-हरकत दाखला. तो आला की मजुराने मुंबईच्या इटालियन वकिलातीकडे ‘डी’ प्रकारचा व्हिसा मागायचा. २०२४ च्या शेवटी नियम आणखी घट्ट झाले : मालकाने मधल्या टप्प्यावर पुन्हा ‘हो, मला हा माणूस हवा आहे’ असं कळवलं नाही तर व्हिसा निघत नाही. इटलीत उतरल्यावर ८ दिवसांत मालकाबरोबर कामाच्या करारावर सही करायची आणि राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा. हंगामी काम शेती नाहीतर हॉटेल-पर्यटनातलं, बारा महिन्यांत जास्तीत जास्त नऊ महिने.

या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी व्हिसाची वाटते, पण असते त्या आठ दिवसांत. ना-हरकत खरी, व्हिसा खरा, विमान खरं, आणि उतरल्यावर मालकच गायब. जून २०२४ मध्ये इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी यांनी हे प्रकरण स्वतः माफियाविरोधी मुख्य अभियोक्त्यांकडे नेलं. नेपल्सच्या भोवतालच्या कांपानिया प्रांतातून अर्जांचा पूर आला होता, पण ना-हरकत मिळालेल्यांपैकी ३ टक्क्यांहून कमी लोकांनी प्रत्यक्ष करारावर सही केली होती. बाकीच्यांसाठी ते कागद म्हणजे नुसतं आत शिरायचं तिकीट. करार नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर आठ दिवसांपूर्वी कायदेशीर आलेला माणूस बेकायदा होतो. मग तो ज्याच्या हाताखाली सापडेल त्याच्या दयेवर. रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यात भारतीय शेतमजूर मोठ्या संख्येने आहेत. तिथे जून २०२४ मध्ये कागद नसलेल्या एका भारतीय मजुराचा हात शेतीच्या यंत्रात तुटला. मालकाने त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकलं आणि तो दगावला.

तरीही हा रस्ता बंद नाही. २ नोव्हेंबर २०२३ रोजी भारत आणि इटलीने स्थलांतराचा करार केला आणि भारतीय कामगारांसाठी वेगळा कोटा राखला. म्हणून विकत घेण्याआधी काय तपासायचं ते महत्त्वाचं.

आधी एजंट. १९८३ च्या उत्प्रवासन (एमिग्रेशन) कायद्याखाली परदेशी नोकरीची भरती करणाऱ्याला परवाना लागतो, देश कुठलाही असो. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर परवाना क्रमांक टाकला की तो चालू आहे, निलंबित आहे की रद्द, ते दिसतं. मोठ्या परवान्यासाठी ५० लाखांची बँक गॅरंटी सरकारकडे ठेवावी लागते. ‘गॅरंटी’ हा शब्द शोभतो तो या एकाच जागी. ‘आम्ही मुंबईच्या अमुक कंपनीचे सब-एजंट’ हे उत्तर चालत नाही. मूळ कंपनीच्या कार्यालयात फोन करून विचारायचं, आणि तो फोन नंबर सब-एजंटाने दिलेला नको, संकेतस्थळावरचा हवा. बिगरपरवाना भरतीला शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. दोन हजार! आजच्या बाजारात हा दंड म्हणजे दुकानाच्या पाटीचाही खर्च नाही.

मग मालक. ऑफर लेटरवर कंपनीचा इटालियन कर क्रमांक, कामाचं गाव, तासाची मजुरी, राहण्याची सोय आणि ना-हरकतीचा क्रमांक हवा. ‘ऑफर लेटर आलंय, ना-हरकत येईलच’ असं म्हणून पैसे मागितले तर थांबायचं, कारण ऑफर लेटर कुणीही छापू शकतो. हंगामी शेतकामाच्या फाईलीत ‘कायमस्वरूपी’, ‘पीआर’, ‘फॅमिली सोबत’ असे शब्द आले, तर फाईल बनवणाऱ्याला कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसावा अशी त्याची इच्छा आहे. ठिबकवर केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला इटलीतल्या द्राक्षबागेत काम जमणार नाही असं नाही, उलट जमेलच. अडचण कामाची नाही, कागदाची आहे.

गुण द्यायचे तर कागदाला पाचपैकी चार, विकणाऱ्याला एक.

‘पोचवून देतो’

आता तिसरा माल. याचं वर्णन कुणी छापत नाही, फोनवर सांगतात : आधी दुबई, मग इजिप्त किंवा तुर्कस्तान, ‘तिथून आपली माणसं आहेत’. पैसे टप्प्याटप्प्याने, रोख किंवा हवाल्याने. पंजाबी पोरं याला डंकी म्हणतात, बाल्कनच्या जंगलातली दक्षिण आशियाई पोरं ‘गेम’ म्हणतात.

वाटा बदलत राहतात, कारण दारं बंद होत राहतात. सर्बियात भारतीयांना व्हिसा लागत नव्हता. तिथून पुढे ऑस्ट्रियाकडे सरकणाऱ्यांची संख्या फुगल्यावर युरोपीय संघाने दबाव आणला आणि १ जानेवारी २०२३ पासून सर्बियाने ती सवलत काढली. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाकडे निघालेलं ३०३ प्रवाशांचं विमान फ्रान्समध्ये वात्री विमानतळावर अडवलं गेलं. २७६ जण २६ डिसेंबरला मुंबईत परत उतरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंजाब-हरियाणाचे १७ तरुण लिबियातून सुटून आले. त्यांना सांगितलेली नोकरी इटलीतली होती आणि मोजलेले पैसे माणशी तेराएक लाख होते. झुवारा गावात ते सशस्त्र टोळीच्या ताब्यात सापडले आणि नंतर त्रिपोलीच्या तुरुंगात गेले. लिबिया हा ज्या देशांसाठी कमी शिकलेल्यांना उत्प्रवासन मंजुरी लागते त्या यादीतला देश आहे, म्हणून तिकीट आधी दुसऱ्याच देशाचं काढतात. तिकिटावर एक देश आणि बोलण्यात दुसरा, हा या मालाचा सगळ्यात सोपा ओळखचिन्ह समजा.

समुद्राचा भाग नकाशावर छोटा दिसतो. ट्युनिशियाच्या किनाऱ्यापासून इटलीचं लांपेदुसा बेट साधारण १३० किलोमीटर : जळगावहून धुळ्याला जाऊन अर्ध्या वाटेने परत यावं इतकं. लिबियातल्या झुवाराहून तेच बेट २९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जळगावहून नाशिक ओलांडून इगतपुरी. रस्त्याने ही दुपार आहे. ओव्हरलोड होडीने ते एक ते तीन दिवस आहेत, आणि त्यात काय बिघडतं ते ठरलेलं आहे.

होडी तीन प्रकारची असते : रबरी, जुनी लाकडी किंवा पातळ पत्र्याची. ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या बाजूने २०२३ मध्ये पत्र्याच्या होड्या मोठ्या प्रमाणावर निघाल्या. त्या दोन-चार दिवसांत वेल्ड करून उभ्या करतात, काठ पाण्यापासून वीतभर वर असतो. लाट आत आली की त्या उलटायचीही वाट पाहत नाहीत, सरळ बुडतात. रबरी होडीत तळाला सांडलेलं पेट्रोल आणि समुद्राचं पाणी एकत्र होतं आणि त्या मिश्रणाने कातडी भाजून निघते. बायका-मुलांना ‘सुरक्षित’ म्हणून मधोमध तळाला बसवलेलं असतं, म्हणून भाजतातही त्याच. लाइफ जॅकेट असलंच तर आत काय भरलंय ते पाहायला हवं : तुर्कस्तानात पोलिसांनी पकडलेल्या नकली जॅकेटांत पॅकिंगचा स्पंज निघाला होता, जो पाणी पितो.

आणि इंजिन कोण चालवतो? दलाल होडीत बसत नाही. प्रवाशांतल्याच एकाला, बहुधा ज्याचे पैसे कमी पडलेत त्याला, हँडल आणि होकायंत्र देतात. इटलीत उतरल्यावर पोलीस पहिला प्रश्न हाच विचारतात, की होडी कुणी चालवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कुत्रो गावाच्या किनाऱ्यावर होडी फुटून ९० हून अधिक लोक बुडाले. त्यानंतर आलेल्या इटालियन कायद्यात अशा प्रवासात माणसं मेली तर २० ते ३० वर्षांची शिक्षा आहे. ‘तुझे दोन लाख माफ, तू फक्त हँडल धर’ या सवलतीची ही खरी किंमत.

भूमध्य समुद्रात २०१४ पासून मेलेले आणि बेपत्ता मिळून ३० हजारांहून अधिक लोक आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या नोंदीत आहेत. १४ जून २०२३ ला ग्रीसच्या पायलोसजवळ ‘आद्रियाना’ बुडाली, तिच्यावर ७५० च्या आसपास माणसं होती, वाचली १०४.

एजंट नेमका कशावर पैज लावतो

इथे एजंटाचं हिशेबाचं वाक्य येतं : ‘एकदा पाण्यात उतरलात की त्यांना उचलावंच लागतं, आणि उचललं की ते आपसात भांडत बसतात. त्या भांडणात आपलं काम होतं.’ पहिला भाग कायद्याने खरा आहे, दुसरा इतिहासाने खरा होता. तिसरा आता मोडतोय. या मालाची किंमत खरं तर त्या भांडणावरच उभी आहे, म्हणून ते भांडण समजून घेणं भाग आहे.

समुद्रात संकटात असलेल्याला वाचवणं हे प्रत्येक जहाजाच्या कप्तानाचं कर्तव्य आहे; कुठल्या पट्ट्यात शोध-बचाव कुणी करायचा हे १९७९ च्या हँबर्ग करारावर ठरतं. २००४ च्या दुरुस्तीने सांगितलं, की ज्याच्या पट्ट्यात बचाव झाला त्या देशाने सुरक्षित जागी उतरवण्याची जबाबदारी घ्यावी. माल्टाने ती दुरुस्ती मान्यच केली नाही. माल्टाचा पट्टा प्रचंड, देश इवलासा, आणि बाजूला इटली. त्यामुळे एकच होडी दोन नियंत्रण कक्षांच्या फोनवर तासन्‌तास ‘तुमची’ आणि ‘तुमची’ होत राहते.

उतरल्यावर पुढचा नियम डब्लिनचा. १९९० चा करार, नंतर २००३ आणि २०१३ चे कायदे, सगळ्यांचा गाभा एकच : माणूस ज्या देशातून पहिल्यांदा आत शिरला त्या देशाने त्याचा आश्रयाचा अर्ज पाहायचा. २००३ पासून ‘युरोडॅक’मध्ये बोटांचे ठसे ठेवतात, ते याच शोधासाठी. नियम कागदावर नीटनेटका, भूगोलाने एकतर्फी. वरात ज्याच्या दारात थांबली त्यानेच सगळ्यांना जेवू घालायचं, असं ठरवलं तर गावाच्या वेशीवरचं घर पहिल्याच लग्नसराईत बसतं. इटली, ग्रीस, माल्टा, सायप्रस आणि स्पेन ही वेशीवरची घरं. मग त्यांनी काय केलं? ठसे घ्यायला ढिलाई. ठसा नाही म्हणजे नोंद नाही, नोंद नाही म्हणजे माणूस उत्तरेला निघून गेला तर परत पाठवायला पुरावा नाही. जर्मनी-फ्रान्सने उलट सीमेवर पोलीस उभे केले. एजंटांचा धंदा याच फटीतून वाढला.

सामाईक जबाबदारीचे प्रयत्न झाले, पण तुकड्यांनी. लांपेदुसाजवळ ३ ऑक्टोबर २०१३ ला ३६८ जण बुडाल्यावर इटलीने ‘मारे नोस्त्रुम’ मोहीम एकटीने काढली. महिन्याला सुमारे ९० लाख युरो खर्च, वर्षभरात दीड लाखाच्या आसपास माणसं वाचली, आणि बाकीच्या देशांनी वाटा उचलला नाही म्हणून ती बंद झाली. जागी आलेली फ्रंटेक्सची (युरोपीय संघाची सीमारक्षक संस्था) ‘ट्रायटन’ मोहीम खर्चात आणि पल्ल्यात दोन्हीकडे आखूड. (फ्रंटेक्सचं मुख्यालय वॉर्सात, भूमध्यापासून शक्य तितकं दूर. हे मुद्दाम केलं नसावं, पण शोभतं.) २०१५ मध्ये दहा लाखांवर माणसं समुद्राने आली, त्यातली साडेआठ लाखांच्या घरात ग्रीसमध्ये. तेव्हा ठरलं की १,६०,००० जणांना देशांत वाटून घ्यायचं. प्रत्यक्षात वाटले गेले ३५ हजारांच्या आत. हंगेरी आणि स्लोव्हाकिया कोर्टात गेले आणि हरले, तरी हंगेरीने एकही माणूस घेतला नाही, स्लोव्हाकियाने अगदी मोजकी घेतली. जून २०१८ मध्ये ‘अक्वेरियस’ हे बचाव-जहाज ६२९ जणांना घेऊन इटली आणि माल्टाच्या दारातून परतलं आणि शेवटी स्पेनला वालेन्सियात लागलं. मार्च २०१९ मध्ये तर ‘सोफिया’ या युरोपीय नौदल मोहिमेची जहाजंच मागे घेतली गेली, कारण वाचवलेल्यांना कुठे उतरवायचं यावर एकमत होईना. जहाजाविना नौदल मोहीम, फक्त विमानं. याला सेवा म्हणून गुण द्यायचे असतील तर एकही देता येत नाही.

आपसात वाटता येईना, तेव्हा काम बाहेर दिलं. मार्च २०१६ मध्ये तुर्कस्तानशी समझोता, एकूण सहा अब्ज युरो. फेब्रुवारी २०१७ मध्ये इटली-लिबिया समझोता. लिबियाच्या तटरक्षकांना बोटी आणि प्रशिक्षण. जुलै २०२३ मध्ये ट्युनिशिया. गिऱ्हाईकासाठी याचा अर्थ एकच : लिबियाहून निघालेली होडी इटलीपेक्षा लिबियाच्याच गस्ती नौकेच्या हाती लागण्याचा धोका मोठा. परत नेलं की कोंडी, आणि सुटण्यासाठी घरी फोन. म्हणजे एकाच पॅकेजचे पैसे दोनदा.

नव्या करारात भारतीय पासपोर्टची जागा

आता ज्यावर एजंट गप्प असतो ते. युरोपीय संघाने एप्रिल-मे २०२४ मध्ये स्थलांतर आणि आश्रयाचा नवा करार मंजूर केला, दहा कायद्यांचा. लागू होण्याची तारीख १२ जून २०२६. त्यात वाटणी सक्तीची आहे, पण पद्धत निवडता येते : माणसं घ्या, किंवा न घेतलेल्या प्रत्येक माणसामागे २०,००० युरो द्या, किंवा कर्मचारी-साहित्य पाठवा. कायद्यातली वर्षाची किमान पातळी ३०,००० माणसं आणि ६० कोटी युरो. पहिल्या वर्षासाठी देशांनी जमवलं ते २१,००० माणसं किंवा ४२ कोटी युरो, लाभार्थी इटली, ग्रीस, स्पेन, सायप्रस. हंगेरी आणि पोलंडने विरोधात मत दिलं. म्हणजे भांडण संपलं असं नाही. पैसे भरून सुटायची सोय म्हणजे श्रमदानाऐवजी वर्गणी, हे कुठल्याही गावाला कळेल.

पण भांडण उरलं आहे ते ज्यांना आश्रय मिळण्याची शक्यता आहे अशा माणसांच्या वाटणीवर. ज्यांना ती शक्यता नाही, त्यांच्याबाबतीत सगळे देश एकत्र आहेत, आणि भारतीय त्यात येतात. समुद्रावरून उतरल्यावर सात दिवसांच्या आत छाननी : ओळख, तब्येत, सुरक्षा, ठसे, चेहरा. नव्या युरोडॅकमध्ये सहा वर्षांच्या मुलाचेही ठसे घेतात. पूर्वी वय १४ होतं. ज्या देशाच्या नागरिकांना आश्रय मिळण्याचं प्रमाण २० टक्के किंवा त्याहून कमी आहे, त्यांचे अर्ज ‘सीमा प्रक्रिये’त जातात : बारा आठवड्यांत निकाल, तोवर कायद्याच्या दृष्टीने माणूस युरोपात शिरलेलाच नाही. नकार आला की परत पाठवण्यासाठी आणखी बारा आठवडे. भारतीयांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या कितीतरी खाली आहे. शिवाय युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये सुचवलेल्या ‘सुरक्षित मूळ देशां’च्या सात नावांत भारत आहे, सोबत बांगलादेश, इजिप्त, मोरोक्को, ट्युनिशिया, कोलंबिया आणि कोसोवो.

पूर्वी ‘अर्ज टाकायचा, अपील करायचं, दोन-तीन वर्षं कमवायचं’ हा जो हिशेब चालायचा, तो आता मोडतो. तेरा लाखांच्या मालातून साधारण सहा महिने कुंपणाआडच्या केंद्रात, पगार शून्य, आणि मग परतीचं विमान. उत्तरेला सटकलं तरी ठसा आधीच इटलीच्या नावावर आहे. पहिल्या देशाची जबाबदारी आता साधारण २० महिने चिकटते, समुद्रातून वाचवलेल्यांसाठी १२.

विक्रीनंतरची सेवा

नसते. फोन बंद, सिम बदललेलं, ‘तिकडच्या माणसाने दगा दिला’. परतावणीच्या आदेशासोबत पाच वर्षांपर्यंत प्रवेशबंदी लागू शकते आणि ती सगळ्या शेंगेन देशांच्या सामाईक यादीत चढते. त्यानंतर खरा कामाचा परवाना मिळाला तरी व्हिसा तिथे अडतो. म्हणजे तिसरा माल घेतला की पहिले दोन आपोआप बाद.

पैसे देऊन बसलेल्यांसाठी कामाची गोष्ट एवढीच, की माणूस निघायच्या आधी कागद घरी ठेवावेत : पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत, एजंटाशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश आणि व्हॉइस नोट दुसऱ्या फोनवर, पैसे कुणाच्या हातात किंवा खात्यात, कुठल्या तारखेला, साक्षीला कोण. सोनं तारण ठेवून किंवा शेत गहाण टाकून पैसा उभा केला असेल तर त्याची पावती आणि गहाणखतही त्याच फाईलीत. फसवणुकीच्या गुन्ह्यात ‘पैसे दिलेच नव्हते’ हा बचाव तिथे पडतो. तक्रार पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, आणि सोबत मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षकांकडे (प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स), कारण बिगरपरवाना भरतीची बाब त्यांच्या अखत्यारीत येते. माणूस बाहेर अडकला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनी नोंद करावी. पासपोर्ट दलालाने काढून घेतला असेल तर घाबरायचं कारण नाही : दूतावास नागरिकत्व तपासून परतीपुरता आपत्कालीन दाखला देतो, आणि वर म्हटलेली पासपोर्टची प्रत घरी असेल तर ते काम आठवड्यांऐवजी दिवसांत होऊ शकतं. तिकिटाला पैसे नसतील तर आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची स्वेच्छा-परतीची योजना आहे. तिच्यासाठी अर्ज त्या माणसाने स्वतः करावा लागतो, घरच्यांना करता येत नाही.